जपानी नगरजीवन : परदेशी विद्यार्थ्याची दुसरी शाळा

जुलै २०२४ मध्ये जपानने तीन नव्या नोटा चलनात आणल्या. दहा हजार येनच्या नोटेवर उद्योगांचे प्रवर्तक शिबुसावा एइइची, पाच हजार येनच्या नोटेवर स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या त्सुदा उमेको आणि एक हजार येनच्या नोटेवर जंतुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो यांची चित्रे आहेत. तिघांची कार्यक्षेत्रे निरनिराळी. पण एक गोष्ट तिघांच्याही चरित्रात समान आहे. तिघेही परदेशी जाऊन, तेथे पाहून व शिकून मायदेशी परतले होते. शिबुसावा १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी गेलेल्या पथकाबरोबर फ्रान्सला गेले आणि तेथील पेढ्या व भागभांडवलाच्या कंपन्या पाहून आले. कितासातो यांनी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे संशोधन केले. त्सुदा उमेको १८७१ मध्ये अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांना सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अकरा वर्षांनी त्या परतल्या तेव्हा मातृभाषा जवळजवळ विसरल्या होत्या. ती त्यांना नव्याने शिकावी लागली. १९०० मध्ये त्यांनी टोकियोत मुलींसाठी शाळा काढली. तिचेच पुढे विद्यापीठ झाले.

आपल्या चलनावर अशा तिघांना स्थान देणाऱ्या देशात आज जगभरातून विद्यार्थी शिकावयास येतात. त्यांत महाराष्ट्रातील तरुणही आहेत. त्यांना व त्यांच्या पालकांना सल्ला देण्याची वेळ गावातील शिक्षकांवर आणि लोकप्रतिनिधींवर वारंवार येते. तेथील विद्यापीठांची माहिती सहज मिळते. परंतु ज्या शहरात दोन-चार वर्षे काढावयाची त्या शहराचे जीवन कसे चालते, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक जपानी शहर ही परदेशी विद्यार्थ्याची दुसरी शाळा आहे, आणि तिचा अभ्यासक्रम ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांना उपयोगी पडावा असा आहे.

शिकावयास निघालेला देश

१८६८ मध्ये जपानमध्ये सत्तांतर होऊन मेइजी राजवट सुरू झाली. नव्या शासनाच्या प्रतिज्ञापत्रात ज्ञान जगाच्या कानाकोपऱ्यांतून मिळवावे, असे एक कलम होते. त्यानुसार १८७१ च्या डिसेंबरमध्ये इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली एक मोठे शिष्टमंडळ योकोहामा बंदरातून अमेरिका व युरोपच्या प्रवासास निघाले. राज्यकारभारातील प्रमुख पुरुष जवळजवळ दोन वर्षे देशाबाहेर राहून शाळा, कारखाने, न्यायालये आणि नगरपालिका पाहत होते. या शिष्टमंडळाबरोबर अनेक विद्यार्थीही पाठविण्यात आले. त्यांत पाच मुली होत्या. त्सुदा उमेको त्यांतील सर्वांत लहान.

शतकानंतर हा प्रवाह उलटा वाहू लागला. १९८३ मध्ये जपानमध्ये परदेशी विद्यार्थ्यांची संख्या अवघी दहा हजारांच्या आसपास होती. त्या वर्षी पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारने ती एक लाखापर्यंत नेण्याचे ठरविले. हे उद्दिष्ट २००३ मध्ये गाठले गेले. २००८ मध्ये तीन लाखांचे नवे उद्दिष्ट ठरले आणि तेही २०१९ मध्ये पूर्ण झाले. साथीच्या काळात ही संख्या घटली. परंतु २०२४ च्या मे महिन्यातील गणनेनुसार ती ३ लाख ३६ हजारांवर गेली होती. घटत्या लोकसंख्येच्या या देशाला बाहेरच्या तरुणांची गरज आहे, हेही या धोरणामागील एक कारण आहे.

भाषेचा उंबरठा

जपानी शहरात प्रवेश करण्याचा पहिला परवाना म्हणजे भाषा. काही विद्यापीठांत इंग्रजीतून शिक्षण मिळते. पण बाजार, दवाखाना, घरमालक आणि शेजार यांची भाषा जपानीच असते. जपानी लिपीव्यवस्थेत हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमालिका आहेत आणि प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे आहेत. त्यांच्या जोडीला कांजी म्हणजे चिनी चित्रलिपीतून आलेली चिन्हे वापरली जातात. सामान्य व्यवहारासाठी २,१३६ कांजी शासनाने निश्चित केल्या असून त्यांतील १,०२६ प्राथमिक शाळेतच शिकविल्या जातात.

लिपी अवघड असली तरी मराठी भाषकाला वाक्यरचना परकी वाटत नाही. जपानीत कर्ता प्रथम, मग कर्म आणि शेवटी क्रियापद असा मराठीसारखाच क्रम असतो. ‘पुण्याला’, ‘घरातून’ यांतील प्रत्यय जसे नामानंतर लागतात, तसेच जपानी भाषेतही शब्दयोगी अव्यये नामामागून येतात. आदरार्थी बोलण्याचे प्रकार दोन्ही भाषांत आहेत. मात्र जपानीत त्यांचे नियम अधिक काटेकोर आहेत. १९८४ पासून घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषा प्राविण्य परीक्षेच्या आता पाच पातळ्या असून पाचवी सर्वांत सोपी व पहिली सर्वांत कठीण आहे. या परीक्षेची केंद्रे मुंबई व पुणे येथेही आहेत. निदान चौथ्या पातळीची तयारी करून निघालेला विद्यार्थी पहिल्या सहामाहीत इतरांच्या पुष्कळ पुढे राहतो.

वॉर्ड कार्यालयातील पहिला दिवस

मोठ्या विमानतळावर उतरताच दीर्घ मुदतीच्या विद्यार्थ्याला निवासपत्र देण्यात येते. राहण्याची जागा निश्चित झाल्यावर चौदा दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करणे बंधनकारक असते. टोकियो शहराचे २३ विशेष वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डाला स्वतःची निवडून आलेली सभा आणि थेट मतदानाने निवडलेला वॉर्डप्रमुख असतो. म्हणजे हा वॉर्ड केवळ प्रशासकीय विभाग नसून जवळजवळ स्वतंत्र नगरपालिकाच असतो.

या एका कार्यालयात पत्त्याच्या नोंदीबरोबर राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंदणीही होते. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही हा विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता भरल्यावर सर्वसाधारण उपचाराच्या खर्चापैकी ३० टक्के रक्कम रुग्णाला द्यावी लागते. उरलेला भार विमा उचलतो. तेथेच कचऱ्याच्या दिवसांचे वेळापत्रक आणि आपत्तीच्या वेळी जमावयाच्या ठिकाणांचा नकाशा मिळतो. परदेशी रहिवासी अधिक असलेल्या वॉर्डांत ही पत्रके अनेक भाषांत छापलेली असतात. पाहुणा म्हणून आलेला विद्यार्थी या कार्यालयातून बाहेर पडताना रहिवासी झालेला असतो. हक्क आणि कर्तव्य यांचे कागद त्याच्या हाती एकाच वेळी पडतात.

आळीचे मंडळ

वॉर्ड कार्यालयाच्या खाली जपानी नगरजीवनाचा खरा पाया आहे तो आळीच्या मंडळाचा. त्याला ‘चोनाइकाइ’ म्हणतात. देशभर अशी सुमारे तीन लाख मंडळे आहेत. रस्त्यावरील दिव्यांची देखरेख, वृद्धांची विचारपूस, आगीपासून सावधगिरी, कचरा ठेवण्याच्या जागेची स्वच्छता आणि वार्षिक उत्सव ही कामे ती करतात. सभासदत्व ऐच्छिक असून वर्गणी माफक असते. शासनाची व मंडळाची सूचनापत्रके एका फळीला लावून ती फळी घरोघर फिरविण्याची पद्धत आजही अनेक आळ्यांत टिकून आहे. वाचून झाल्यावर त्यावर खूण करावयाची व फळी शेजारच्या दारी पोहोचवावयाची. त्या निमित्ताने दोन शब्द बोलले जातात आणि नवा बिऱ्हाडकरू ओळखीचा होतो.

या मंडळांचा इतिहास निष्कलंक नाही. १९४० नंतर युद्धकाळात त्यांचा उपयोग लोकांवर पाळत ठेवण्यासाठी व रसद वाटपासाठी करण्यात आला. त्यामुळे १९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील प्रशासनाने त्यांच्यावर बंदी घातली. १९५२ मध्ये बंदी उठल्यावर लोकांनी ती पुन्हा उभी केली, पण या वेळी ऐच्छिक स्वरूपात. शेजारधर्माची संस्था हुकमतीचे हत्यार बनू शकते आणि लोकांच्या इच्छेने तीच सेवेचे साधनही होऊ शकते, हा या इतिहासाचा बोध आहे.

कचऱ्याचे युद्ध आणि त्याचा निकाल

जपानी शहरांत उतरणाऱ्या प्रत्येकाला तेथील स्वच्छता प्रथम जाणवते. ठरलेल्या दिवशी सकाळी जळणारा कचरा, दुसऱ्या दिवशी न जळणारा, तिसऱ्या दिवशी बाटल्या, डबे व कागद अशी विभागणी असते. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून ढिगावर जाळे पसरलेले असते. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचनेची चिठ्ठी लावून तेथेच सोडली जाते. हे पाहून ‘स्वच्छता त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणून पाहुणा मोकळा होतो. प्रत्यक्षात ही गोष्ट रक्तातून आलेली नाही. ती भांडणातून व सभांतून आली आहे.

१९६० च्या दशकात टोकियोची भरभराट होत असताना शहराचा कचरा कोतो वॉर्डाच्या किनाऱ्यावर समुद्रात टाकला जात होता. ज्या कृत्रिम बेटावर तो साचत होता त्याचे नाव ‘युमेनोशिमा’, म्हणजे स्वप्नबेट. १९६५ च्या उन्हाळ्यात त्या बेटावरून माश्यांचे थवे कोतोतील घरे व शाळा यांवर तुटून पडले. साऱ्या शहराचा कचरा आमच्याच दारातून का, असा कोतोच्या रहिवाशांचा प्रश्न होता. इतर वॉर्डांनी आपल्या हद्दीत कचरा जाळण्याचे प्रकल्प उभारावेत, ही त्यांची मागणी होती. तिकडे सुगिनामी वॉर्डातील रहिवासी आपल्या वस्तीत प्रकल्प होऊ देण्यास तयार नव्हते. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये राज्यपाल मिनोबे र्‍योकिची यांनी महानगर सभेत ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ जाहीर केले. १९७३ मध्ये कोतोच्या लोकांनी रस्त्यावर उतरून सुगिनामीहून येणाऱ्या कचरागाड्या अडविल्या.

अखेर १९७४ मध्ये न्यायालयात समझोता झाला आणि सुगिनामीचा प्रकल्प १९८२ मध्ये पूर्ण झाला. या संघर्षातून एक तत्त्व पुढे आले. ज्याचा कचरा त्याने आपल्या हद्दीत त्याची वाट लावावी. निदान त्याचा भार एकाच वस्तीवर टाकू नये. प्रत्येक वॉर्डात प्रकल्प झाला नाही आणि आजही काही वॉर्ड शेजाऱ्यांवर अवलंबून आहेत. परंतु आपण टाकलेली वस्तू कोणाच्या तरी दाराशी जाते, ही जाणीव शहरभर रुजली. आज युमेनोशिमावर उद्यान आहे. तेथील उष्ण प्रदेशातील वनस्पतींचे काचगृह जवळच्या कचराप्रकल्पातून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते.

योकोहामाचे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. हे शहर १९६५ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे. २००३ मध्ये योकोहामाने २०१० पर्यंत कचरा ३० टक्क्यांनी कमी करण्याची योजना हाती घेतली. पस्तीस लाखांवर वस्तीच्या शहरात केवळ फलक लावून हे साधणार नव्हते. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी आळीमंडळांच्या मदतीने हजारो सभा घेऊन वर्गीकरणाची पद्धत समजावून सांगितली. उद्दिष्ट पाच वर्षे आधीच, म्हणजे २००५ मध्येच गाठले गेले. यंत्रसामग्रीच्या खरेदीपूर्वी सभा घेतल्या गेल्या, हा तपशील स्थानिक संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे.

चुलीमागे वर्गणी

क्योतो या जुन्या राजधानीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शहराच्या मध्यभागी एक जुनी शाळेची इमारत दिसते. तेथे २००६ पासून चित्रकथांचे संग्रहालय आहे. या इमारतीमागे शिक्षकांनी जाणून घ्यावा असा इतिहास आहे. १८६९ मध्ये राजधानी टोकियोला गेल्याने क्योतोचे वैभव ओसरू लागले होते. त्याच वर्षी क्योतोच्या नागरिकांनी आळ्यांचे गट करून ६४ प्राथमिक शाळा स्थापन केल्या. देशाचा पहिला शिक्षणविषयक आदेश निघाला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १८७२ मध्ये. या शाळांसाठी घरटी वर्गणी घेण्यात आली. तिचे नाव ‘कामादो’ म्हणजे चूल या शब्दावरून पडले होते. घरात शाळेत जाणारे मूल असो वा नसो, ज्या घरात चूल पेटते त्या घराने शाळेसाठी पैसे द्यावयाचे, असा तो संकेत होता. या शाळांच्या आवारातच सभा भरत, अग्निशमनाची व्यवस्था असे आणि आळीचे व्यवहार चालत. शाळा ही आळीची मालमत्ता होती.

आजच्या जपानी शाळेतही हा भाव दिसतो. मुले वर्ग, जिने व व्हरांडे स्वतः झाडतात व पुसतात. दुपारच्या जेवणाच्या वेळी पाळी असलेली मुले पांढरे अंगरखे व टोप्या घालून आपल्या वर्गाला वाढतात आणि बहुतेक शाळांत शिक्षक मुलांबरोबरच जेवतात. शालेय भोजनाची सुरुवात १८८९ मध्ये त्सुरुओका गावी गरीब मुलांसाठी झाली असे मानले जाते. १९५४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्यानुसार भोजन हा शिक्षणाचाच भाग आहे. सकाळी आळीतील मुले गट करून पायी शाळेत जातात; मोठी मुले पुढे व मागे, लहान मधे. रस्ता ओलांडण्याच्या जागी एखादे निवृत्त गृहस्थ वा आजीबाई हातात पिवळे निशाण घेऊन उभ्या असतात. शिस्त ही उपदेशाने येत नाही, ती रोजच्या पाळीने येते, हे येथे प्रत्ययास येते.

रेल्वे, पोलीसचौकी आणि हरवलेली वस्तू

टोकियोच्या मध्यभागाला वळसा घालणारा यामानोते रेल्वेमार्ग ३४.५ किलोमीटर लांबीचा असून त्यावर ३० स्थानके आहेत. पूर्ण फेरीस सुमारे एक तास लागतो. फलाटावर दरवाजा कोठे येणार याच्या खुणा असतात आणि प्रवासी त्यांमागे रांगा करतात. उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावयाची, डब्यात दूरध्वनीवर बोलावयाचे नाही, असे संकेत आहेत. रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. परक्याला हा प्रकार विचित्र वाटतो. पण डोळा, हात आणि वाणी एकाच वेळी कामी लागल्याने चुका घटतात, या अनुभवावर तो आधारलेला आहे.

हरवलेली वस्तू परत मिळणे ही जपानी शहराची आणखी एक ख्याती. त्यामागे प्रामाणिकपणा आहेच, पण त्याला व्यवस्थेचे पाठबळही आहे. चौकाचौकांत ‘कोबान’ नावाची छोटी पोलीसचौकी असते. रस्ता विचारणे आणि सापडलेली वस्तू जमा करणे ही तेथील नित्याची कामे. कायद्याने वस्तूच्या मालकाने शोधणाऱ्यास तिच्या किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस द्यावे, अशी तरतूद आहे. तीन महिन्यांत मालक न सापडल्यास सर्वसाधारणपणे ती वस्तू शोधणाऱ्याला मिळते. मात्र ओळखपत्रे, भ्रमणध्वनी यांसारख्या खाजगी माहितीच्या वस्तू यास अपवाद आहेत. सद्‌गुणाचा मार्ग सोपा करून ठेवला की सामान्य माणूस त्या मार्गाने जातो.

संकटाची तयारी

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या भूकंपात व त्यानंतरच्या आगीत टोकियो-योकोहामा परिसरातील एक लाखाहून अधिक माणसे दगावली. १९६० पासून हा दिवस आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास शाळा, कार्यालये व आळ्या यांत कवायती होतात. परदेशी विद्यार्थ्यालाही त्यांत बोलावले जाते. आग विझविण्याचे नळकांडे कसे वापरावे, जमावयाचे मैदान कोठे आहे, हे त्याला प्रत्यक्ष करून दाखविले जाते.

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात झालेल्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या पहाटे ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्यांना घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच वाचविले होते. सरकारी पथके पोहोचेपर्यंतचे पहिले तास शेजाऱ्यांचे असतात. कोणत्या घरात कोण झोपतो हे आळीला ठाऊक असेल तरच ते तास कामी येतात. फळी घेऊन शेजारी जाणे हा मग केवळ उपचार राहत नाही.

उत्सव आणि रीतिरिवाज

जपानी सण परदेशी विद्यार्थ्याला शेजारात प्रवेश मिळवून देतात. उत्सवात आळीतील लोक ‘मिकोशी’ खांद्यावर घेऊन नाचवितात. तिचे वर्णन मराठी माणसाला पालखी या एका शब्दात समजते. खांदेकरी कमी पडू लागल्याने अनेक आळ्या विद्यार्थ्यांना आनंदाने खांदा देऊ देतात. ऑगस्टमध्ये येणारा ‘ओबोन’ हा पूर्वजांच्या स्मरणाचा काळ. तेव्हा शहरे ओस पडतात व लोक गावाकडे जातात. क्योतोचा जुलै महिन्यातील ‘गिओन’ उत्सव ८६९ मध्ये साथीच्या निवारणासाठी सुरू झाला. त्यातील उंच रथांची जपणूक आजही ज्या त्या आळीकडे आहे.

टोकियोच्या सुमिदा नदीवरील दारूकामाचा प्रसिद्ध सोहळा १९६१ नंतर बंद पडला होता. वाहनांची गर्दी आणि नदीच्या पाण्याची दुर्गंधी ही त्याची कारणे. नदी सुधारल्यावर १९७८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. नदी बिघडली की संस्कृतीही थांबते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

घरात शिरताना पादत्राणे काढणे, जेवणापूर्वी हात जोडून कृतज्ञतेचा शब्द उच्चारणे, सार्वजनिक स्नानगृहात मोठ्या कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुणे, या रीती मराठी घरात वाढलेल्याला फारशा परक्या वाटत नाहीत. शाकाहारी विद्यार्थ्याला मात्र जपून राहावे लागते, कारण माशाचा अर्क साध्या भाजीच्या रश्शातही असतो.

दुसरी बाजू

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही. भाड्याचे घर मिळविताना जामीनदार लागतो आणि अनेक ठिकाणी परत न मिळणारी रक्कम घरमालकास द्यावी लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानच्या न्याय मंत्रालयाच्या पाहणीत, घर शोधणाऱ्या परदेशी व्यक्तींपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळाल्याचे सांगितले. अतिश्रमाने होणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत ‘कारोशी’ हा स्वतंत्र शब्द आहे. ६५ वर्षांवरील माणसांचे प्रमाण लोकसंख्येच्या २९ टक्क्यांच्या घरात गेले असून आळीमंडळांना नवे कार्यकर्ते मिळणे कठीण झाले आहे. एकाकी वृद्धांचा प्रश्न मोठ्या शहरांत गंभीर आहे.

पैशाच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. विद्यार्थ्यास परवानगी घेऊन आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करता येते. दीर्घ सुट्टीत दिवसास आठ तासांपर्यंत मुभा असते. तेवढ्या मिळकतीत शिक्षणशुल्क, निवास व कर्जाचे हप्ते सर्व भागतील असे आश्वासन कोणी दलाल देत असेल, तर ते विश्वसनीय मानू नये. मर्यादेपलीकडे काम केल्यास निवासाचा परवाना धोक्यात येतो आणि अभ्यासही बुडतो. शेत गहाण टाकून मुलाला पाठविण्यापूर्वी शिष्यवृत्तीची शक्यता तपासावी. जपान सरकारची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू आहे आणि त्यासाठीचे अर्ज भारतातील जपानी वकिलातीमार्फतही करता येतात. तेथील शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते; म्हणून तयारी निदान दीड वर्ष आधी आरंभणे इष्ट ठरते.

एका पुस्तिकेचा प्रवास

परदेशातील शिक्षणाचे फळ कोठवर पोहोचते याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. नारुसे जिन्झो नावाचे एक जपानी शिक्षक १८९० मध्ये अमेरिकेस गेले. तेथील शिक्षणसंस्था पाहून परतल्यावर त्यांनी १९०१ मध्ये टोकियोत महिला विद्यापीठ स्थापन केले. त्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका काही वर्षांनी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी अशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती पुण्यात प्रत्यक्षात आणली. अमेरिकेत पाहिलेली गोष्ट टोकियोत रुजली आणि टोकियोची गोष्ट हिंगण्यात. नारुसे यांनी अमेरिकेची नक्कल केली नाही व कर्वे यांनी जपानची. दोघांनीही आपल्या मातीला मानवेल तेवढेच घेतले.

अलीकडच्या काळात विद्यार्थी म्हणून जपानला गेलेले मराठी भाषक योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. पुढे एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकपदही त्यांच्याकडे आले. ज्या वॉर्ड कार्यालयात परदेशी माणूस पत्त्याची नोंद करावयास जातो, त्याच वॉर्डाच्या सभेत तो भाषा व शेजार आत्मसात करून प्रतिनिधी म्हणून बसू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

प्रत्येक विद्यार्थी कर्वे वा नारुसे होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु जपानी शहरात राहून परतलेल्या तरुणाला गावच्या सभेत वा शाळेत बोलावून, तेथे काय पाहिलेस, असे विचारता येईल. त्याच्या पदवीचा उपयोग त्याला व त्याच्या नोकरीला होईल. त्याने पाहिलेल्या व्यवस्थेचा उपयोग गावाला व्हावयाचा तर ती सांगण्याची जागा गावाने दिली पाहिजे. कचऱ्याचा भार कोणाच्या दारी जातो, शाळेसाठी कोणत्या घराने वर्गणी द्यावी, पहाटेच्या संकटात शेजारच्या घरात कोण आहे हे कोणाला ठाऊक आहे, हे प्रश्न टोकियो व क्योतोला पडले तसेच ते प्रत्येक गावाला पडतात. त्यांची उत्तरे तेथील लोकांनी भांडत, सभा घेत आणि पाळी लावून एकेक करून शोधली. ज्या गोष्टी शिकून आलेल्या असतात, त्या शिकताही येतात.